नकली खेळण्यांतील अंतराळयाने: संग्रह आणि परीक्षण
माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा पैठणच्या नाथषष्ठीला खेळण्यांच्या दुकानांतून नकली अंतराळयाने शोधावीत. मात्र खोकाही आवर्जून मागून घ्यावा, कारण त्यावरील चुकीचे स्पेलिंग आणि दुसऱ्याच यानाचे चित्र हेच नकलेचे सर्वांत बोलके पुरावे असतात. परीक्षण करताना मूळ यानाशी तुलना करावी. १९८१ साली प्रथम अवकाशात गेलेल्या स्पेस शटलला मागे तीन मुख्य इंजिने होती, म्हणून खेळण्यात ती किती आहेत, पंख त्रिकोणी आहेत का, साच्याचा सांधा कुठे उघडा दिसतो, हे नोंदवावे. चूक जितकी धीट, तितके खेळणे मला मोलाचे वाटते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते नसलेले यान लहान मुलांच्या हाती न देता, सेल काढून कपाटात ठेवावे.