बोटाचं टोक दारात तुटलं तर

भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, एकोणीस वर्षं प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे आहे. तुटलेली बोटं बरीच पाहिली. पण दिघीत आमच्याच घरी वाऱ्याने दार आपटलं आणि साडेचार वर्षांच्या लेकीचं बोट बिजागरीच्या फटीत सापडलं, तेव्हा मिनिटभर मलाही काही सुचलं नाही. म्हणून लिहून ठेवतोय.

बोट आधी नळाखाली धरा. मग स्वच्छ सुती रुमाल दाबून हात छातीच्या वर, दहा मिनिटं. मध्ये उघडून बघायचं नाही. दोरा, रबर आवळू नका. सासूबाई हळदीचा डबा घेऊन आल्याच होत्या. "आई, हळद नको, रुमाल द्या," म्हटलं. हळद, कॉफी काहीही लावलं की डॉक्टरांना ते आधी धुऊन काढावं लागतं आणि पोर किंचाळतं.

तुकडा शोधा. आमचा चौकटीला चिकटला होता, मसुराच्या दाण्याएवढा. ओल्या गॉजमध्ये गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर वाया जातो. ही चूक कारखान्यात दोनदा पाहिली. मग हाताची शस्त्रक्रिया करणारा सर्जन गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय, ते सांगा.

सर्जनला एक प्रश्न विचाराच: नखाचं मूळ शाबूत आहे का? जवळच्या दवाखान्यात आम्हाला "टोक छाटून शिवून टाकू" म्हणाले होते. सर्जनने बोट पाहिलं, तुकडा बाजूला ठेवला आणि टाकेच घातले नाहीत. "नखाचं मूळ आहे, हाड उघडं नाही. झाकून ठेवू, भरून येईल."

हे नवं नाही. शेफील्डच्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या सिंथिया इलिंगवर्थ यांनी १९७४ मध्येच लिहिलं होतं की लहान मुलांचं तुटलेलं टोक साध्या ड्रेसिंगखाली पुन्हा वाढतं. उंदराचंही तसंच. शेवटच्या पेराचं टोक कापलं तर महिनाभरात हाडासकट परत येतं, नखाच्या मागून कापलं तर नुसता खुंट राहतो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मायूमी इतो यांच्या गटाने त्यामागचं कारण दाखवलं. नखाच्या मुळाशी स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. नखाच्या पेशींमधला 'विंट' नावाचा संदेश बंद पाडला, तर नख येत नाही आणि हाडही येत नाही. तोच संदेश मुद्दाम चालू ठेवला, तर एरवी खुंट राहिला असता तिथेही वाढ झाली. नवी पेशी वाट्टेल ते होत नाही म्हणे. हाडाची हाडच बनवते, कातडीची कातडीच.

म्हणून "तुटलेला हात उगवणार" असा व्हॉट्सअॅप मेसेज आला की मी एवढंच बघतो: प्राणी कोणता आणि कापलं कुठून? प्रेसखाली दोन पेरं गेलेल्या एका हेल्परने तो मेसेज दाखवून विचारलं, "दादा, माझं येईल?" नाही येणार. तेव्हा सांगताना घसा बसला होता.

आता ड्रेसिंग. पारदर्शक फिल्मची पट्टी, आठवड्यातून एकदाच, तीही डॉक्टरांकडेच बदलायची. आत पाणी साठतं आणि वास सुटतो, कपाटामागे उंदीर मेल्यासारखा. घाबरून पट्टी उघडू नका. सर्जनने तो वास आधीच सांगितला होता, म्हणून आम्ही टिकलो. पण ताप, ठणका किंवा हाताकडे चढणारी लाली दिसली तर त्याच दिवशी दाखवा.

तिसऱ्या आठवड्यात बोट कच्च्या लिचीसारखं दिसत होतं. सातव्यात गोल झालं. टॉर्चखाली धरलं तर ठशाच्या बारीक रेघाही दिसल्या. नख जरा वाकडं आहे. नेलपॉलिश पहिलं त्यालाच लागतं.

घरातल्या प्रत्येक दाराच्या वरच्या कडेवर आता जुना टॉवेल घडी करून टाकलेला असतो. दार पूर्ण मिटतच नाही. सासूबाईंना ते गबाळं वाटतं.