जळक्या राजवाड्याची प्लास्टरची नक्षी पुन्हा कशी ओतायची

सेंट पीटर्सबर्गजवळच्या पाव्लोव्स्कची जमीन सम्राज्ञी कॅथरीनने १७७७ मध्ये मुलगा पॉल याला दिली. राजवाड्याचा आराखडा वास्तुविशारद चार्ल्स कॅमेरॉनचा. १८०३ च्या आगीनंतर तो वास्तुविशारद वोरोनिखिनने सावरला. जानेवारी १९४४ मध्ये जर्मन फौजा हटल्या तेव्हा तिथे जळक्या भिंती तेवढ्या उरल्या होत्या. तरी १९५७ मध्ये पहिली दालनं उघडली, कारण नक्षीचे तुकडे ढिगाऱ्यातून वेचून ठेवले होते.

तेव्हा अशा खोलीत आधी फावडं घालू नका. जमिनीवर दोरीने एक-एक मीटरचे चौकोन आखा, नंबर द्या, माती चाळणीतून चाळा. तुकडा कुठे पडला यावरून तो छताच्या कोणत्या कोपऱ्यातला, याचा अंदाज येतो. नखाएवढं पानही टाकू नका. फोटोत आकार दिसतो, जाडी दिसत नाही.

साच्यासाठी सगळ्यात धारदार तुकडा निवडा. जुन्या रंगांचे थर कोमट ओल्या कापसाने मऊ करून बांबूच्या पट्टीने काढा. तारेचा ब्रश नकोच. एक बोटभर जागा मात्र थरांसकट राखा, मूळ रंग तिथेच सापडतो.

मग त्या तुकड्यावर लाखेचा पातळ हात. तो चुकवलात तर सिलिकॉनमधलं (साचा ज्या रबराचा करायचा त्यातलं) तेल प्लास्टर पितं आणि डाग कायमचा राहतो. सिलिकॉनचा पहिला थर ब्रशने, बुडबुडे फोडत द्या; एकूण जाडी सहा-आठ मिलिमीटर ठेवा. पाठीला प्लास्टरचं कवच हवं, नाहीतर साचा लोळतो आणि नक्षीची सरळ पट्टी वाकडी निघते.

ओतताना एक लिटर पाण्याला साधारण १.४ किलो प्लास्टर घ्या. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही. मिनिटभर भिजू द्या, मग हळू ढवळा. घट्ट होऊ लागलेल्या मिश्रणात पाणी घालून वेळ मारून नेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ते सुकल्यावर खडूसारखं झडतं. मोठ्या तुकड्याच्या पाठीत गोणपाट बसवा. शेगडीजवळ वाळवू नका: चाळीस-पंचेचाळीस अंशांपुढे प्लास्टर भुसभुशीत होतं.

बसवायला पितळी स्क्रू वापरा; लोखंडी खिळ्यांचा गंज वर्षभरात रंगातून डोकावतो. जिथे तुकडा नाही, फोटो नाही, आराखडाही नाही, तिथे पट्टी साधी सोडा. आणि प्रत्येक नव्या तुकड्याच्या पाठीवर, प्लास्टर ओलं असतानाच, वर्ष कोरा.