ओपिऑइडचे आकडे देताना या चुका टाळा

अमेरिकेत २०१२ साली ओपिऑइडची (मॉर्फिनच्या जातीच्या वेदनाशामकांची) साधारण २५.५ कोटी प्रिस्क्रिप्शन्स औषधांच्या दुकानांतून दिली गेली. दर १०० माणसांमागे ८१. हे वाचून कोणीतरी हमखास लिहितं, "शंभरातले ८१ अमेरिकन ओपिऑइड घेतात." सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच. ऑक्सिकोडोनसारख्या औषधाला तिकडे रिफिल मिळत नाही. महिन्याच्या गोळ्या संपल्या की नवं प्रिस्क्रिप्शन. म्हणजे जुनाट पाठदुखीचा एकच रुग्ण वर्षात बारा वेळा मोजला जातो आणि अक्कलदाढ काढलेला एकदाच. माणसांबद्दल लिहायचं तर माणसांचा आकडा शोधा.

दुसरी गफलत मृत्यूंची. २०२० पर्यंत प्रिस्क्रिप्शन्स १४.२ कोटींवर आली, पण ओपिऑइडच्या ओव्हरडोसचे मृत्यू याच काळात सुमारे २३ हजारांवरून ६८ हजारांवर गेले. कारण मुख्यतः बेकायदा फेंटानिल, म्हणजे अतितीव्र कृत्रिम ओपिऑइड. गंमत अशी, की मृत्यूच्या नोंदीत डॉक्टरांनी दिलेलं फेंटानिल आणि रस्त्यावरचं फेंटानिल यांना एकच कोड आहे. त्यामुळे २०१६ मध्ये 'प्रिस्क्रिप्शन ओपिऑइड'चे बळी ३२,४४५ दिसत होते. असे कृत्रिम ओपिऑइड वगळून सीडीसी या अमेरिकी सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी मोजलं, तर १७,०८७ भरले. तेव्हा आकड्याखाली कोणते कोड धरलेत ते आधी बघा. मात्र यावरून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या निर्दोष ठरवू नका. ओपिऑइडच्या साथीची पहिली लाट त्यांच्यामागूनच आली होती.

"जास्त डोसने ओव्हरडोसचा धोका नऊपट" हेही अर्धवट वाक्य. दीर्घकाळ ओपिऑइड घेणाऱ्या सुमारे दहा हजार रुग्णांच्या २०१० मधल्या अभ्यासात, रोज २० मिलिग्रॅमपर्यंत मॉर्फिनइतका डोस असणाऱ्यांत ओव्हरडोसचं वार्षिक प्रमाण ०.२ टक्के होतं, १०० किंवा जास्त असणाऱ्यांत १.८. पट आणि टक्के दोन्ही द्या.

डोसची तुलनाही नुसत्या मिलिग्रॅमवर करू नका. ऑक्सिकोडोन २० मिलिग्रॅमच्या दिवसाला तीन गोळ्या म्हणजे ६०, त्याला १.५ ने गुणलं की मॉर्फिनच्या हिशेबात ९०. सीडीसीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतला हाच ९० चा आकडा पुढे कुठे कुठे लक्ष्मणरेषा म्हणून वापरला गेला आणि स्थिर असलेल्या रुग्णांचेही डोस झटक्यात तोडले गेले. अशा तोडण्याने अपाय होतो, असा इशारा एफडीएला (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेला) २०१९ मध्ये द्यावा लागला.

छेद, म्हणजे किती आणि कोणत्या माणसांपैकी मोजलं ते, चुकला की उलट्या बाजूनेही फसगत होते. १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं पत्र छापून आलं: इस्पितळात असताना निदान एकदा तरी अशी औषधं मिळालेले ११,८८२ रुग्ण, त्यात व्यसन लागल्याची नोंद चौघांची. घरी वर्षानुवर्षं गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. २०१७ मध्ये या पत्राचे ६०८ संदर्भ तपासले गेले. पाचातल्या चार लेखकांनी ते रुग्ण इस्पितळातले होते एवढंसुद्धा सांगितलं नव्हतं.