मुंबई ते लंडन: हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा?

शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नका, चुकेल. नकाशा सपाट असतो, पृथ्वी नाही. त्यापेक्षा पृथ्वीगोलावर मुंबई आणि लंडन या दोन टिंबांमध्ये दोरा ताणून धरा. तो मुंबईहून कराचीजवळून जातो, इराण ओलांडतो, कॉकेशस पर्वत आणि काळ्या समुद्रावरून युक्रेनमध्ये शिरतो. सगळ्यांत जवळचा मार्ग हाच.

आता आकडे. आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. शहराचे नकोत, विमानतळाचेच हवेत. मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडनचा हीथ्रो विमानतळ: ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. इथे दोन चुका हमखास होतात. ७२ अंश ५२ मिनिटं म्हणजे ७२.५२ नव्हे, ५२ला ६०ने भागायचं, म्हणून ७२.८७. आणि पश्चिम रेखांश उणे धरायचा, त्यामुळे फरक ७३.३२ अंश येतो.

कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा, रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) असेल तर उत्तर भलतंच येईल. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.२५५९. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार ०.१६९०. बेरीज ०.४२४९. तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) सुमारे ६४.८६ अंश, हा पृथ्वीच्या केंद्राशी दोन विमानतळांमधला कोन. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे साधारण ७,२१० किलोमीटर.

वेळ काढताना मात्र नुसता भागाकार चालत नाही. मोठं जेट विमान उंचीवर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणून उत्तर आठ तास येतं. तिकिटावर लंडनला जाताना त्याहून बराच जास्त वेळ दिसतो, आणि त्याला कारणं आहेत.

पहिलं, विमान दोऱ्यावरून जात नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२मध्ये नागरी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. म्हणून अंतरात किमान पाच टक्के मिळवा: सुमारे ७,५७० किलोमीटर.

दुसरं, वारा. त्या उंचीवरचा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्त जोराने. जाताना सरासरी ताशी ६० किलोमीटरचा विरोध धरला तर वेग ८४० उरतो आणि नऊ तास लागतात. परतताना तोच वारा पाठीशी असतो: वेग ९६०, वेळ सात तास ५३ मिनिटं.

तिसरं, धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं आणि उतरण्याआधीच्या घिरट्या. याला ४० मिनिटं द्या. जाताना सुमारे नऊ तास ४० मिनिटं, येताना साडेआठच्या थोडं वर.

शेवटी घड्याळ. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. मुंबईहून दुपारी १ला सुटून लंडनला संध्याकाळी ५.३०ला पोहोचणार असेल, तर घड्याळातला फरक साडेचार तास; हिवाळ्यात त्यात साडेपाच तास मिळवा: प्रवास दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनचं घड्याळ तासभर पुढे असतं, तेव्हा साडेचारच मिळवायचे. घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना वेळ कळवताना लंडनचीच सांगा आणि सामान मिळेपर्यंतचा तासभर त्यात वेगळा धरा.