लिनक्सवर संगणकाचे तापमान पाहताना या चुका टाळा

मे महिन्यातील दुपारी फोंड्याच्या घरात खोलीचाच पारा ३३ अंशांवर असतो. अशा वेळी पडद्यावर १२७ अंशांचा आकडा दिसला, की माणूस घाबरून संगणक बंद करतो. पुष्कळदा संगणक तापलेलाच नसतो. आपण भलत्याच सेन्सरचा आकडा वाचत असतो.

पहिली चूक जुळणीच्या वेळी होते. सेन्सरांचे आकडे दाखवणारे ‘एलएम-सेन्सर्स’ हे साधन बसवल्यावर, सेन्सर शोधणारी ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवावी लागते. तिच्या प्रश्नांना नुसते एंटर दाबत जाणे सुरक्षित असते. मात्र डेबियन आणि उबुंटूवर ती शेवटी, सापडलेल्या ड्रायव्हरांची नावे, बूटच्या वेळी ज्यातून ते लोड होतात त्या ‘मॉड्यूल्स’ फाइलमध्ये लिहू का, असे विचारते आणि तेथे ठरलेले उत्तर ‘नाही’ असते. घाईत तेथेही एंटर दाबले, तर मदरबोर्डचे सेन्सर रीस्टार्टनंतर दिसेनासे होऊ शकतात आणि दोष विनाकारण लिनक्सला दिला जातो.

दुसरी चूक, म्हणजे भलताच आकडा वाचणे, अधिक महागात पडते. प्रोसेसरचे खरे तापमान इंटेलवर ‘कोअरटेम्प’ आणि एएमडीवर ‘के१०टेम्प’ या नावाखाली पाहावे. मदरबोर्डच्या फर्मवेअरकडून येणारा ‘एसीपीआयटीझेड’चा आकडा अनेक मदरबोर्डांवर दिवसभर हलतच नाही, आणि मदरबोर्डवरील जादा सेन्सरसाठीच्या ‘ऑक्सटिन’सारख्या ओळींमागे कित्येकदा सेन्सर जोडलेलाच नसतो, उणे ६० किंवा १२७ असे चमत्कारिक आकडे तेथूनच येतात. एएमडीच्या रायझन १७००एक्स व १८००एक्स या प्रोसेसरांचा ‘टी-कंट्रोल’ आकडा तर पंख्याच्या नियंत्रणासाठी मुद्दाम २० अंशांनी वाढवलेला असतो, म्हणून त्यांच्या बाबतीत खरे तापमान दाखवणारा ‘टी-डाय’ पाहणे योग्य.

स्वतः स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी सेन्सरच्या फोल्डरचा ‘एचडब्ल्यूमॉन२’ असा क्रमांक पक्का धरू नये. तो पुढच्या बूटला बदलू शकतो. त्या फोल्डरमधील ‘नेम’ फाइल वाचूनच सेन्सर ओळखावा. तेथील आकडे अंशाच्या हजाराव्या भागात असतात, म्हणजे ४७००० म्हणजे ४७ अंश, हेही ध्यानात असावे. साटा डिस्कसाठी जुन्या ‘एचडीडीटेम्प’ या प्रोग्रामच्या मागे न लागता लिनक्स कर्नल ५.६ पासून उपलब्ध असलेले ‘ड्राइव्हटेम्प’ मॉड्यूल लोड करावे.

आता आपल्याकडची गोष्ट. वातानुकूलित खोलीत २२ अंशांना घेतलेल्या आकड्यांशी आपल्या आकड्यांची तुलना करू नये, कारण खोली जितकी तापते, साधारण तितकाच प्रोसेसरही वर चढतो. आधी खोलीचे तापमान टिपावे, मग ‘स्ट्रेस-एनजी’ या प्रोग्रामने प्रोसेसरला दहा मिनिटे भार द्यावा आणि खोलीचे व प्रोसेसरचे तापमान यांतील फरक लिहून ठेवावा. काही महिन्यांनी तितक्याच भाराला, पंख्याची गती तीच असताना, हा फरक दहा-बारा अंशांनी वाढला, तर सॉफ्टवेअरमध्ये शोधाशोध न करता संगणकाची पेटी उघडावी: रस्त्याची तांबडी धूळ दमट हवेत हीटसिंकच्या पात्यांवर चिकटून बसते, आणि ती नुसत्या फुंकरीने निघत नाही, पंखा हाताने धरून मऊ ब्रशने झाडावी लागते.