ओशन सिटीला जे-वनवर चाललाय? घर शोधताना या चुका टाळा

हॉटेल मॅनेजमेंट केलेली आपली बरीच पोरं जे-वन (अमेरिकेचा एक्स्चेंज व्हिसा) इंटर्न म्हणून अमेरिकेतल्या रिसॉर्टमध्ये जातात, आणि व्हिसा, तिकीट, फॉरेक्स कार्ड सगळ्याची तयारी करतात पण घराचं विचारलं की "पोचल्यावर बघू". मेरीलँडच्या ओशन सिटीत हे चालत नाही. एरवी सातेक हजार वस्तीचं गाव, उन्हाळ्याच्या वीकेंडला लाखावर माणसं, आणि गाव म्हणजे समुद्र आणि खाडीच्या मधली दहा मैलांची चिंचोळी पट्टी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त भाडं बघणं. भाड्याआधी तारखा बघा. ऑफ-सीझनला इथले कॉन्डो, म्हणजे मालकीचे फ्लॅट, स्वस्तात मिळतात, त्याला विंटर रेंटल म्हणतात, आणि तो मे महिन्यात संपतो. फेब्रुवारीत बारा महिन्यांसाठी आलेला पोरगा एवढ्या कमी भाड्यात समुद्राजवळ फ्लॅट मिळाला म्हणून खूश असतो, आणि मेमोरियल डेच्या आधी, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारच्या आधी, मालक म्हणतो आता खाली कर. नेमकी तेव्हाच समर वर्क ट्रॅव्हलवाली, म्हणजे जे-वनवरच पण फक्त उन्हाळी सुट्टीत काम करायला येणारी, बल्गेरिया, रोमानिया, जमैकाची पोरं उतरत असतात आणि वर जूनमध्ये सीनियर वीक, म्हणजे बारावी संपलेली अमेरिकन पोरं आठवडा-आठवडा घरं घेऊन धिंगाणा घालायला येतात, ती एका आठवड्याला जे देतात ते तुम्ही महिन्याला देऊ शकत नाही. त्यामुळे करार करतानाच डीएस-२०१९ (तुमच्या जे-वन प्रोग्रामच्या तारखा असलेला फॉर्म) वरची शेवटची तारीख आणि कराराची शेवटची तारीख शेजारी शेजारी ठेवा. मध्ये भोक असेल तर ते जानेवारीतच बुजवा, मेमध्ये नाही.

दुसरी चूक वाचून हसाल, पण होते. ओशन सिटी दोन आहेत! एक मेरीलँडमध्ये, एक न्यू जर्सीत, दोन्ही बीच टाऊन, दोन्हीकडे बोर्डवॉक, म्हणजे समुद्राकाठी फिरायचा लाकडी रस्ता. पिन कोड बघा, मेरीलँडचा २१८४२, न्यू जर्सीचा ०८२२६.

आणि योग्य गाव असलं तरी जाहिरातीतलं "मिनिट्स टू बीच" म्हणजे गाडीने मिनिटं. वेस्ट ओशन सिटी खाडीच्या पलीकडे आहे, मध्ये रूट ५० चा पूल, रात्री साडेअकराला किचन बंद करून सायकलने तो पूल ओलांडायचा म्हणजे जिवाशी खेळ आहे. बर्लिन तर अजून आत. पट्टीवरच घर मिळालं तर निम्मा प्रश्न सुटतो कारण कोस्टल हायवेवर उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत बस असते. गल्ल्यांना दक्षिणेकडून उत्तरेकडे नंबर आहेत, पार १४६ पर्यंत, तेव्हा हॉटेल १० व्या स्ट्रीटला आणि घर १३० व्या स्ट्रीटला असेल तर ते "त्याच रस्त्यावर" आहे याला काही अर्थ नाही.

आता फसवणूक. मेसेज साधारण असा येतो: मी सध्या बाहेरगावी आहे, घर दाखवता येणार नाही, चार जण रांगेत आहेत, आज झेलने (बँकेतून लगेच पैसे पाठवायची अमेरिकन सोय) डिपॉझिट पाठवलंस तर चावी पोस्टाने पाठवतो. फोटो एकदम चकाचक, कारण ते दुसऱ्या कुठल्या तरी लिस्टिंगवरून उचललेले. इथे घाई करू नका, पत्ता मागा. मेरीलँडमध्ये मालमत्तेच्या नोंदी एसडॅट नावाच्या सरकारी साइटवर फुकट बघता येतात, पत्ता टाका आणि मालकाचं नाव जुळतंय का बघा. शिवाय ओशन सिटीत घर भाड्याने द्यायला रेंटल लायसन्स लागतं, ते दाखवा म्हणा. खरा मालक वैतागेल पण दाखवेल, खोटा गायब होईल. व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला लावा, आणि ते पण बाहेरच्या घर नंबरपासून सुरू करून.

हिशोबाचं छोटंसं. भाडं बऱ्याचदा आठवड्याला माणशी सांगतात. १५० डॉलर म्हणाले तर महिन्याचे ६०० नाही, ६५० होतात, वर्षाचे ५२ आठवडे असतात. लाइट-वायफाय आत की वेगळं, बेड तुमचा एकट्याचा की पलंगाचा वरचा मजला, हे लेखी घ्या. आणि भाडं जड झालं की रूममेट हमखास सांगतो, दुसरा जॉब कर ना. समर वर्क ट्रॅव्हलवाल्याला स्पॉन्सरच्या, म्हणजे जे-वन प्रोग्राम चालवणाऱ्या संस्थेच्या, परवानगीने ते जमतं, इंटर्नला जमत नाही, व्हिसा धोक्यात येतो. त्याच्या नियमाने तुम्ही चालू नका.

हॉटेलनेच राहायला दिलं असेल तर बरं, पण नोकरी गेली तर घर पण जातं आणि भाडं पगारातून कापतात, किती कापणार ते आधीच कागदावर हवं. पत्ता बदलला की दहा दिवसांत स्पॉन्सरला कळवायचं, हे खूप जण विसरतात. मालकाशी वाजलं तरी पहिला फोन स्पॉन्सरलाच.

डिपॉझिटचं मात्र नीट वाचा. मेरीलँडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या करारांना साधारणपणे एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि भाडेकरार संपल्यावर ४५ दिवसांत परत द्यायचं असतं, काही कापलं तर यादी देऊन. आता गंमत बघा, जे-वन संपल्यावर थांबायला मिळतात ३० दिवस. म्हणजे मालक कायद्याने वागला तरी चेक येईपर्यंत तुम्ही पुण्यात. म्हणून पहिल्याच दिवशी घराचा व्हिडिओ काढा, गादीखालचा डागसुद्धा. निघायच्या किमान १५ दिवस आधी सर्टिफाइड मेलने (आपल्या रजिस्टर्ड पोस्टासारखं) कळवलंत तर घर तपासताना हजर राहायचा हक्क आहे. चेक कुठे पाठवायचा तो पत्ता लेखी द्या, न्यू जर्सीत मावशी असेल तर तिचा, आणि पैसे जमा होईपर्यंत अमेरिकेतलं बँक खातं बंद करू नका.