कॅज्युअल्टी म्हणजे मेलेला माणूस नव्हे, हा शब्द नीट कसा वाचायचा आणि वापरायचा

इंग्रजी बातमीत "50 कॅज्युअल्टीज" दिसलं की आपल्या ग्रुपवर दोन मिनिटांत "50 ठार" असा फॉरवर्ड फिरायला लागतो. तिथेच गडबड होते, कारण कॅज्युअल्टीमध्ये मेलेले येतात आणि जखमी पण येतात, आणि लष्करी हिशोबात तर बेपत्ता झालेले नि शत्रूच्या हाती कैद झालेले सैनिक पण येतात. म्हणजे जो माणूस आता लढायला उपलब्ध नाही तो कॅज्युअल्टी, मग तो जिवंत का असेना.

यातला फरक किती मोठा असतो ते बघा. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईचा पहिला दिवस, 1 जुलै 1916, ब्रिटिशांच्या कॅज्युअल्टीज 57,470, त्यातले मेलेले 19,240. हा आकडा काही कमी भयंकर नाही, पण 57 हजार मेले असं लिहिलं तर तुम्ही एका फटक्यात अडतीस हजार जिवंत माणसं मारून टाकता! आपल्या कारगिलचंही तसंच, अधिकृत आकडा 527 शहीद आणि 1,363 जखमी, दोन्ही मिळून कॅज्युअल्टीज 1,890.

त्यामुळे हा शब्द दिसला की आधी पुढची दोन वाक्यं वाचायची, मेलेले किती नि जखमी किती ते वेगळं दिलंय का बघायचं. फक्त मृत्यू सांगायचे असतील तर इंग्रजीत फेटॅलिटीज किंवा डेथ टोल म्हणतात. बातमीत फोड दिलीच नसेल तर मराठीत सरळ "मृत आणि जखमी मिळून 50" लिहा. हताहत हा शब्द पण इथे फिट बसतो, हत म्हणजे मारलेले आणि आहत म्हणजे जखमी, फक्त तो जरा हिंदी बातम्यांसारखा वाटतो म्हणून लोक टाळतात, मला तरी काही वावगं वाटत नाही. जीवितहानी मात्र इथे चालत नाही, ती फक्त मृत्यूंची. आणि एक लोचा आहे, आपल्याकडचे इंग्रजी रिपोर्टर स्वतःच "नो कॅज्युअल्टी, फाइव्ह इंजर्ड" असं बिनधास्त लिहितात, तिथे त्यांना "कुणी दगावलं नाही" एवढंच म्हणायचं असतं, तेव्हा पुस्तकी अर्थ घेऊन अडून बसू नका.

व्हिक्टिम वेगळा. तिथे माणसावर काय गुदरलं, कुणी केलं याच्यावर भर असतो, म्हणून ऑनलाइन फ्रॉडमध्ये पैसे गेलेला माणूस व्हिक्टिम होतो, त्याला कॅज्युअल्टी कुणी म्हणत नाही. पोलीस-कोर्टाच्या भाषेत त्याला पीडित म्हणतात. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत बरेच जण हल्ली सर्व्हायव्हर म्हणणं पसंत करतात, त्या व्यक्तीला काय आवडतं ते विचारून वापरलेलं बरं.

माणसं सोडून वस्तूंना पण हा शब्द लागतो. बजेट कपातीत लायब्ररी बंद पडली तर ती त्या कपातीची कॅज्युअल्टी, मराठीत आपण "बळी गेला" म्हणतो तसं.

आता हॉस्पिटल. "याला कॅज्युअल्टीत घेऊन चला" म्हणजे इमर्जन्सी विभाग, आणि तिथला सीएमओ म्हणजे कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर. तिथे घाबरायचं कारण नाही, पोट दुखत असलेला माणूस पण तिथेच जातो. स्पेलिंग मात्र जपा, सी-ए-एस-यू-ए-एल-टी-वाय, एल आणि टीच्या मध्ये आय नाही. बऱ्याच बोर्डांवर तो आय घुसवलेला असतो, आणि त्यात यू नि एसची जागा पण बदलली की कॉझॅलिटी तयार होतं, म्हणजे कार्यकारणभाव, त्याचा अॅम्ब्युलन्सशी काय संबंध.

शेवटचं हिंजवडी-मगरपट्ट्यातल्या आयटीवाल्यांसाठी. अमेरिकन इन्शुरन्स प्रोजेक्टवर पी अँड सी म्हणतात त्यातला पी म्हणजे प्रॉपर्टी आणि सी म्हणजे हीच कॅज्युअल्टी, पण तिथे ती मुख्यतः लायबिलिटी असते, तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. आपल्याकडे हे सगळं जनरल इन्शुरन्समध्ये येतं, त्यामुळे क्लायंट कॉलवर "कॅज्युअल्टी क्लेम" ऐकलं तर लगेच कोण गेलं म्हणून विचारू नका, बहुतेक वेळा दुकानात पाय घसरून पडलेला कुणीतरी असतो.